क्योतोचं जुनं लाकडी गेस्ट हाऊस, जानेवारी, एकटीने १२ रात्री: बस्तान कसं बसवायचं?

पागोळी (दादर):

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या मध्यावर १२ रात्रींसाठी क्योतोला एकटी जाते आहे. निशिजिन भागातल्या एका जुन्या लाकडी घरात (अशा घराला तिथे माचिया म्हणतात) वरच्या मजल्यावरची सहा तातामींची (जमिनीवर बसवलेल्या जाड गवती चटया, खोलीचं माप त्यांच्या संख्येने सांगतात) खोली घेतली आहे. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एकच. खोलीत एसी आहे, खाली बैठकीच्या खोलीत रॉकेलचा हीटर आणि कोतात्सु (खाली हीटर बसवलेलं, रजई घातलेलं बुटकं टेबल), झोपायला फुतोन (जमिनीवर घालायचं अंथरूण), असं मालकीणबाईंनी कळवलं आहे.

देवळं आणि बागा कुठल्या पाहायच्या ते ठरलंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. प्रश्न घरात राहण्याचे आहेत. मुंबईत पारा १६ वर आला की आपण गोधडी शोधतो, तिथे पहाटे १-२ अंश असणार. खोली गरम कशी ठेवायची? फुतोन रोज उचलायचा असतो का? सामायिक न्हाणीघराचे नियम काय? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), तर घरी काय शिजवता येईल आणि इथून काय न्यावं? घरात वावरताना नकळत चूक होऊन कुणाला त्रास होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

---

उंबरठा:

पागोळी, थंडीचं सविस्तर लिहितो, कारण माचियात सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. ही घरं क्योतोच्या उन्हाळ्यासाठी बांधलेली. मातीच्या भिंती, सरकती दारं, एकेरी काच, जमिनीखाली पोकळी. वारा खेळावा म्हणून केलेली ही सगळी सोय जानेवारीत उलटते. म्हणून पहिली गोष्ट: खोली गरम करायच्या मागे लागू नका. अंथरूण गरम आणि कोरडं ठेवा, बाकी अंगावरचे कपडे सांभाळून घेतात.

सहा तातामी म्हणजे क्योतोच्या मापाने साधारण ११५ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० ची, तिच्याहूनही लहान. त्यामुळे एसी पुरतो, पण नीट चालवला तर. रिमोटवर सगळं जपानीत असतं. दान्बो म्हणजे गरम, रेइबो म्हणजे थंड, जोशित्सु म्हणजे हवेतला दमटपणा काढणं, तेइशि म्हणजे बंद. भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा रिमोटवर धरा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे रात्री अंधारात रेइबो दाबलं जाणार नाही. तापमान २० ते २२. हवेची झडप पूर्ण खाली वळवा. गरम हवा वर चढते आणि तुम्ही झोपणार जमिनीवर, हे सतत लक्षात ठेवायचं.

एसी मधेच ५-१० मिनिटं गरम हवा देणं थांबवेल. बाहेरच्या युनिटवर हिमाचा थर धरतो, तो वितळवण्यासाठी मशीन स्वतःच थांबतं. बिघडला समजून बंद-चालू करत बसलात तर तेच काम पुन्हा सुरुवातीपासून होतं आणि खोली आणखी गार पडते. हात लावू नका.

सरकत्या दारांच्या फटी बघा. दाराच्या तळाशी जुना टॉवेल गुंडाळून ठेवला की पायाशी येणारा गार झोत थांबतो. कागदी दार (शोजि) आणि काचेची खिडकी यांच्यामध्ये हवेचा एक थर राहतो, तोच तुमचं पांघरूण. म्हणून संध्याकाळी ऊन गेलं की लगेच शोजि ओढून घ्यायची. बोटाने दाबू नका, कागद फाटतो.

आता फुतोन. खाली तातामी, त्यावर गादी (शिकिबुतोन), चादर, मग दुलई (काकेबुतोन) आणि ब्लँकेट. दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे सगळी पांघरुणं वर घेतली जातात आणि पाठ मात्र गारच राहते. अंगाच्या वजनाने खालची गादी दबते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि थंडी खालून येते. वर चौथं पांघरूण घेण्याऐवजी खाली दुसरी गादी मागा. "शिकिबुतोन ओ मो इचिमाइ ओनेगाइ शिमास्" एवढं म्हटलं की काम होतं. दुसरी गोष्ट, दुलई पिसांची असेल तर ती अंगाला लागून घ्या आणि ब्लँकेट तिच्यावर टाका. पिसं अंगाच्या उबेने फुलतात आणि वरचं ब्लँकेट ती ऊब धरून ठेवतं. ब्लँकेट आत घेतलं तर पिसांपर्यंत ऊब पोचतच नाही.

गरम पाण्याची पिशवी तिथे कडक डब्याच्या रूपात मिळते, युतान्पो म्हणतात. बहुतेक गेस्ट हाऊसांत मागितली की देतात. काठोकाठ भरा, झाकण घट्ट, कापडी पिशवीत घाला, आणि झोपायच्या अर्धा तास आधी पायाच्या जागी ठेवा. अंथरुणात शिरलात की ती पायांपासून दूर सारा. चटका बसत नाही एवढी ऊबसुद्धा एकाच जागी काही तास लागत राहिली तर कातडी भाजते, आणि झोपेत ते कळत नाही. कोतात्सुत बसा, वाचा, पण झोपू नका, त्याचं कारणही हेच.

रॉकेलचा हीटर मालकीणबाईंनाच पेटवू द्या. तुम्ही तिथे बसला असाल तर तासातून एकदा तरी एक-दोन मिनिटं खिडकी उघडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर.

उशी हातात घेऊन बघा. आत बकव्हीटची टरफलं असली तर सळसळ आवाज येतो. तुम्हाला बकव्हीटची (उपासाच्या कुट्टूची) अ‍ॅलर्जी असेल तर ती पहिल्याच रात्री बदलून मागा.

---

मुलुंडची माळ:

उंबरठा यांनी रात्रीचं लिहिलंय, मी सकाळचं लिहिते, कारण "कोरडं" या शब्दात अर्धं काम आहे.

फुतोन रोज उचलायचा. रात्रभरात अंगाचा घाम गादीत उतरतो, खालचा तातामी गार असतो, आणि दोन्हींच्या मध्ये ओल धरते. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी येते, नेमका तोच प्रकार. उठलात की लगेच घडी घालू नका. आधी दुलई पायाकडे उलटून टाका, २०-३० मिनिटं खिडकी बोटभर उघडी ठेवा, तेवढ्यात तोंड धुऊन चहा होतो. मग गादीची तीन पदरी घडी घालून कपाटात (ओशीइरे) ठेवा. कपाटाचं दार दिवसा वीतभर उघडं राहू द्या. गादीची खालची बाजू हाताला दमट लागली तर कपाटात न घालता घडी उभी करून ठेवा. काचेवर आतून पाणी साचलेलं दिसेल, ते रोज पुसून घ्या, नाहीतर ते ओघळून लाकडी चौकटीत मुरतं. आणि अंथरूण बाहेरच्या भिंतीपासून किमान वीतभर लांब घाला.

तातामीवर चपला, स्लीपर काहीच नाही, मोजे किंवा अनवाणी. बॅग चाकांवर ओढायची नाही, चाकांनी गवताची वीण तुटते. तिची जागा लाकडी फळीवर, किंवा खाली टॉवेल घालून. संडासाचे स्लीपर वेगळे असतात, ते संडासाच्या दाराबाहेर यायला नकोत. ही चूक खूप जणांकडून होते, कारण बाहेर पडताना लक्ष पायाकडे नसतं.

माचियाचा जिना शिडीइतका उभा असतो. मोज्यांवर पाय घसरतो. उतरताना तोंड जिन्याकडे करा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. मोठी बॅग वर नेऊच नका. पहिल्या दिवशीच लागणारं सामान एका पाठपिशवीत घ्या आणि बॅग खाली ठेवता येईल का ते विचारा.

---

तांब्याभर पाणी:

न्हाणीघराचं मी सांगतो. आपली बालदी-तांब्याची सवय तिथे उपयोगी पडते, कारण अंग धुणं टबच्या बाहेरच करायचं असतं.

दारावर "आत कुणी आहे" अशी पाटी असते, ती फिरवा. कपडे बाहेरच्या छोट्या खोलीत काढा. आत बुटक्या स्टुलावर बसून शॉवरने किंवा घंगाळाने अंग, केस, पाय पूर्ण धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका. केस वर बांधा. मग टबमध्ये बसा. पाणी ४० ते ४२ अंशांचं असतं, पहिल्यांदा १० मिनिटं पुरे, आणि उठताना सावकाश, चक्कर येऊ शकते. टबमध्ये साबण नाही, टॉवेल बुडवायचा नाही. निघताना बूच काढायचं नाही, कारण तेच पाणी पुढच्या माणसासाठी आहे. वरचं झाकण परत घाला, म्हणजे ऊब टिकते. हे एक बूच काढलं गेलं की अख्ख्या घराचं रात्रीचं स्नान जातं, पुन्हा टब भरून तापवण्यात बराच वेळ जातो.

अंग आतच कोरडं करा. बाहेर कपडे काढायच्या खोलीला पाणी जायला मोरी नसते, लाकडी फळ्या असतात.

गरम पाणी येत नाही अशी तक्रार खूप ऐकू येते. तिथे बहुतेक ठिकाणी गॅसवर पाणी जाता जाता तापतं. त्याला ठरावीक धार लागते. आपण पाणी वाचवायचं म्हणून नळ अर्धवट सोडतो, धार कमी पडते, ज्योत पेटतच नाही आणि गारच पाणी येत राहतं. आधी भिंतीवरच्या पॅनेलवर चालूचा दिवा लागलाय का बघा, मग गरम नळ पूर्ण सोडा, आणि अंगाला साबण लावताना चक्क बंद करा. पाणी त्यातच जास्त वाचतं.

बऱ्याच घरांत रात्री १० नंतर आंघोळ बंद असते. लाकडी घरात पाइपाचा आवाज वरपर्यंत जातो. तुम्ही निशिजिनमध्येच आहात, तर एखाद्या संध्याकाळी फुनाओका ओन्सेन या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन या. १९२३ पासूनचं आहे, कपडे बदलायच्या खोलीतलं लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं आहे. तिथेही वरचेच नियम. तिथून अंग आतपर्यंत तापवून घेतलं की तासभर थंडी वाजत नाही. सरळ घरी येऊन फुतोनमध्ये शिरायचं.

---

पागोळी:

केवढं नेमकं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आणखी दोन शंका. धुतलेले कपडे खोलीतच दोरीवर टाकले तर एसीमुळे कोरडी झालेली हवा जरा दमट होईल आणि कपडेही वाळतील, असं एका ठिकाणी वाचलं. ते करावं का? आणि घरची छोटी इलेक्ट्रिक किटली आणि अ‍ॅल्युमिनियमचा तवा नेऊ का?

---

मुलुंडची माळ:

कपड्यांचं करू नका. एवढ्या लहान खोलीत ओल्या जीन्समधलं पाणी जातं कुठे? गार काचेवर आणि गादीत. घसा कोरडा पडत असेल तर एक ओला पंचा उशाशी टांगा, तेवढ्यावर भागतं. कपडे कॉइन लाँड्रीत सुकवा, ड्रायरला साधारण १० मिनिटांना १०० येन पडतात, ३०-४० मिनिटांत दोन-तीन दिवसांचे कपडे होतात. १०० च्या नाण्यांची एक पुरचुंडी वेगळी ठेवा.

---

लॅमिंग्टन रोड:

किटली नको. जपानात वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३०. तापणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम २८५ वॉट देईल. पाणी कोमट व्हायलाच खूप वेळ जाईल. इस्त्री, हेअर ड्रायर, बुडवायचा रॉड, सगळ्यांचं तेच. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते बिनधास्त चालतात.

प्लग दोन चपट्या समांतर पट्ट्यांचा लागतो. अ‍ॅडॅप्टर घेताना खाली तिसरी गोल पिन असलेला घेऊ नका. जुन्या घरांत भिंतीवर दोनच भोकं असतात, तिसरी पिन अडते. आमच्या लॅमिंग्टन रोडवर दोन चपट्या पट्ट्यांचा साधा अ‍ॅडॅप्टर मिळतो, दोन घ्या. शिवाय भारतीय प्लग चालेल असं दोन-तीन खणांचं एक्स्टेंशन न्या, म्हणजे एका अ‍ॅडॅप्टरवर फोन आणि पॉवर बँक दोन्ही होतील. त्यावर तापणारं काहीही लावायचं नाही.

तिथला एक सॉकेट १५ अँपिअरचा, म्हणजे १५०० वॉटपर्यंत. तिथल्या हेअर ड्रायरला १२०० वॉट लागतात, किटलीलाही जवळपास तेवढेच. एसी चालू असताना दोन्ही एकदम लावलीत तर जुन्या घराचा ब्रेकर पडतो आणि अख्खं घर अंधारात. एका वेळी एकच.

तवा नेण्याआधी शेगडी कसली ते विचारून घ्या. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. लोहचुंबक ज्याला चिकटतो तेच भांडं चालतं. बिडाचा तवा चालेल, पण वजन बघा. तिथली भांडी वापरलेली बरी.

---

मेतकूट भात:

जेवणाचं माझ्याकडे. आधी काय न्यायचं नाही ते. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, आलं अजिबात नको. कच्चा तांदूळ आणि डाळ यांनासुद्धा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते इथेच ठेवा. बंद पाकिटातले मसाले, भाजलेली पिठं, कोरड्या चटण्या न्या, आणि विमानतळावर विचारलं तर दाखवा. सर्दीच्या गोळ्यांवर स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का बघा. १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती जपानात न्यायला बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती चालतात, चिठ्ठी बरोबर ठेवा.

घरात फोडणी करू नका, हे कळकळीने सांगते. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची जळली की धुराचा अलार्म वाजू शकतो. आणि वास मातीच्या भिंतीत, तातामीत, दुसऱ्यांच्या फुतोनमध्ये बसतो. वास मुरला की दिवसेंदिवस जात नाही. फोडणी इथूनच करून न्या. रवा मंद आचेवर तेलात मोहरी, हिंग, वाळवलेल्या कढीपत्त्यासह खमंग भाजा, मीठ घाला, पूर्ण गार करून पाकिटात बंद करा. तिथे एक वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकायचं. उपमा तयार, धूर नाही, वास नाही. १२ दिवसांना अर्धा किलो पुरतो.

रात्री मेतकूट भात. किराणा दुकानात शिजवलेल्या भाताची २०० ग्रॅमची बंद पाकिटं मिळतात, झाकण थोडं उघडून ५०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. तूप नसलं तर तिथलं लोणी. भात चिकट असतो, मेतकुटाला उलट छान. सोबत टोफू: मोमेन म्हणजे घट्ट, किनु म्हणजे मऊ. परतायला मोमेन घ्या, गोडा मसाला आणि मीठ पुरतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

बाहेर खाताना अडचण मांसाची कमी, दाशीची जास्त. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. साध्या भाजीच्या उदोनमध्ये (गव्हाच्या जाड शेवया), मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप), कधी कधी ऑम्लेटमध्येही ते असतं. "भाजीचं आहे" म्हटलं तरी दाशी वेगळी विचारायची. "निकु, साकाना, दाशि नाशि" (मांस, मासे, दाशी नको) हे चिठ्ठीवर जपानीत लिहून घ्या. देवळांतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरि, बिनमाशांचं असतं, पण आधी सांगावं लागतं आणि महाग पडतं. एक दिवस मात्र जरूर घ्या.

---

उंबरठा:

पोचण्याचं थोडं राहिलं. क्योतोच्या पत्त्यात चौकाच्या नावापुढे आगारु असेल तर त्या चौकातून उत्तरेला, सागारु म्हणजे दक्षिणेला, हिगाशि-इरु पूर्वेला, निशि-इरु पश्चिमेला. एवढं कळलं की बोळ सापडतो. कान्साइ विमानतळावरून हारुका गाडी थेट क्योतो स्टेशनला साधारण सव्वा तासात येते. तिथून कारासुमा मेट्रोने इमादेगावा १० मिनिटांवर, निशिजिन त्याच्या पश्चिमेला. बोळात शिरलात की बॅग उचलून घ्या, रात्रीच्या शांततेत चाकांचा खडखडाट दहा घरांना जागं करतो. लहान घरांत रात्री उशिरा कुणी दारात थांबलेलं नसतं, म्हणून विमानाला उशीर झाला तर लगेच निरोप पाठवा आणि दाराच्या कुलपाचा कोड कागदावर लिहून ठेवा.

पासपोर्टची प्रत ते ठेवून घेतात, तो तिथला नियम आहे. शहराचा मुक्काम-कर दर माणशी दर रात्री वेगळा लागतो. मार्च २०२६ पासून ६,००० येनच्या आतल्या खोलीला २००, त्यापुढे २०,००० च्या आत ४००. काही ठिकाणी तो रोख घेतात. कार्ड परदेशात चालावं म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये तशी परवानगी इथूनच चालू करा.

घरी फोन करायचा तर वेळ साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्री साडेनऊ म्हणजे दादरला संध्याकाळचे सहा. खोलीतून नको, सरकती दारं कागदाची आहेत. खाली बैठकीत बसून, हेडफोन लावून बोला.

---

पागोळी:

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं विचारते: निघायच्या सकाळी अंथरुणाचं काय करायचं? कपाटात ठेवायचं का?

---

मुलुंडची माळ:

नाही, त्या दिवशी कपाटात नको. चादर, उशीचा आणि दुलईचा अभ्रा काढून एका ढिगात ठेवा. गादी तीन पदरी घडी करून तातामीवरच, खोलीच्या मध्यावर राहू द्या, म्हणजे वापरलेली कुठली ते त्यांना कळतं आणि ती उन्हात टाकता येते. युतान्पोतलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवा. एसी बंद, कचरा खालच्या डब्यांत वेगवेगळा, बाटलीचं बूच आणि वरचं लेबल काढून. जिन्यावरून बॅग उतरवायला कुणालातरी हाक मारा.